विझलेल्या चुलीचा वास घरभर – उपाय सुचवा

खाडीपल्याड
नवी मुंबईत घणसोली गावठाणात आमचं घर. जुनं कौलारू पाडून तळमजला अधिक तीन मजले उभे केले, पण आईची अट एकच होती: मागच्या खोलीत चूल राहणार. सकाळच्या भाकऱ्या, सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी, सुके बोंबील भाजायचे तर तेही तिथेच. मातीच्या चुलीऐवजी जाड पत्र्याची, दार असलेली चूल बनवून घेतली. तिला पाच इंची लोखंडी नळी. नळी भिंतीतून बाहेर काढून दुसऱ्या मजल्याच्या छज्जापर्यंत नेली आहे. चूल पेटलेली असते तेव्हा काहीच तक्रार नाही. धूर बाहेर जातो, भाकरी झकास होते.

त्रास चूल विझल्यावर. संध्याकाळपासून ओली राख आणि डांबर यांच्या मिश्रणासारखा करपट, कुबट दर्प यायला लागतो. रात्री सगळ्यात जास्त. जिन्यात तर भपकाराच. पाऊस लागल्यापासून कपाटातल्या कपड्यांनाही वास आहे, मुलाला शाळेत मित्र विचारतात की तुझ्या घरी काही जळलं का. कापूर, लिंबाच्या फोडी, कोळशाचे तुकडे, सुगंधी स्प्रे, सगळं करून झालं.

"चूल काढून टाका" हा सल्ला देऊ नये ही नम्र विनंती. तो रोज घरात मिळतो.

निम्मीताई
डांबरावर कापूर लावला की कापूर घातलेल्या डांबराचा वास येणार, दुसरं काय! आधी वास नक्की कुठून येतोय ते हुडका. चुलीच्या दाराशी नाक नेऊन पाहिलंत का? भिंतीला? पडद्यांना? की नळी भिंतीतून जाते तिथे?

मीठबंदर
दादा, राख कवा काढता? आमची आय रोज सकाळी आधी राख काढायची, चुलीला पोतेरं फिरवायची, मगच काडी लावायची. पावसात चुलीत राख ठेवली का ती पाणी पिते नि मग वास मारते. चूल पत्र्याची असली म्हणून राख काय वेगली नसते.

खाडीपल्याड
निम्मीताई, चुलीच्या दाराशी वास सगळ्यात उग्र आहे. नळी भिंतीतून जाते तिथे खाली तपकिरी ओघळ आलेत, त्यांनाही तोच वास. पडदे धुतले की आठवडाभर बरे असतात.
मीठबंदर, राख रविवारी काढतो. रोज काढायला हवी हे कुणी सांगितलंच नव्हतं, बनवणाऱ्याने म्हटलं होतं थर राहू दे, तळ टिकतो.

अणुरेणू
थर राहू देण्यात तथ्य आहे, पण ते कोरड्या हवेत. लाकडाच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते हवेतली ओल ओढून घेतं. आपल्याकडे जून ते सप्टेंबर हवा किती दमट असते ते वेगळं सांगायला नको. ओल्या राखेने पत्राही गंजतो आणि चुलीत साठलेल्या काजळीचा वास उसळतो. पावसाळ्यात रोज राख काढा, मीठबंदर यांच्या आईंचं बरोबर आहे.

पण तुमचे तपकिरी ओघळ जास्त बोलके आहेत. ते पाणी नव्हे, क्रियोसोट आहे, म्हणजे धुराचं डांबर. लाकूड अर्धवट जळलं की त्यातली तेलं, फिनॉलं वगैरे वाफेच्या रूपात धुरात राहतात. नळीच्या आतला भाग साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली आला की ती भिंतीवर जमतात. आधी पातळ काळा रस, मग चकचकीत कडक थर. तो थर कोरडा असला तरी दमट हवेत वास सोडतोच. शिवाय तो पेटू शकतो. नळीतली आग ही गावठाणातल्या दाटीत हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट नाही.

दोन प्रश्न. जळण काय वापरता? आणि स्वयंपाक झाल्यावर चूल विझवता की धुमसत ठेवता?

खाडीपल्याड
धुमसतच असते. दुपारी पाणी कोमट राहावं म्हणून आई एक जाड ओंडका सरकवते, नळीतली झडप जवळजवळ बंद करते. जळण म्हणजे एमआयडीसीतून येणारी पॅलेटं (माल ठेवायच्या लाकडी चौकटी) तोडून, थोडी मार्केटमधली फळांची खोकी, आणि शेजाऱ्याने घराचं फर्निचर बदललं तेव्हाच्या फळ्या.

अणुरेणू
झालं तर मग. तो दुपारचा ओंडका हाच डांबराचा कारखाना. हवा कमी, आच मंद, धूर थंड. दिवसभर धुमसवण्यापेक्षा सकाळी लहान ढलप्यांची खडखडीत आच करा आणि पाणी गरम झाल्यावर ते चांगल्या थर्मासच्या टाकीत किंवा गोधडी गुंडाळलेल्या पिंपात ठेवा. संध्याकाळपर्यंत कोमट राहतं.

फर्निचरच्या फळ्या आजपासून बंद. प्लायवूड आणि एमडीएफच्या गोंदात युरिया-फॉर्माल्डिहाइड असतं, वरच्या सनमायकात मेलामाइन, कडांना बऱ्याचदा पीव्हीसीची पट्टी. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो, तो नाकाला झोंबतो आणि लोखंड गंजवतो. असल्या फळ्या जाळून त्यावर भाकरी भाजायची नसते.

येऊरची_वाट
पॅलेटबद्दल मी सांगते, कारण आमच्याकडेही सगळे तीच आणतात. ठाण्याचं येऊर राष्ट्रीय उद्यानात येतं, जंगलातलं लाकूड आणायचं नाही, मग टेम्पोवाल्याकडून पॅलेट घेणं आलंच.

प्रत्येक निर्यातीच्या पॅलेटवर भाजून उमटवलेला शिक्का असतो. गव्हाच्या ओंबीचं चित्र, बाजूला देशाची दोन इंग्रजी अक्षरं, एक नंबर आणि शेवटी पुन्हा दोन अक्षरं. ती शेवटची दोन बघायची. एच-टी असेल तर लाकूड फक्त तापवून किडेमुक्त केलेलं आहे, गाभ्यापर्यंत ५६ अंशाला ३० मिनिटं. एम-बी असेल तर मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे. एम-बीवालं घरात आणायचंच नाही. शिक्काच नसेल तर ते देशांतर्गत वापराचं, त्यावर काय सांडलं ते देव जाणे. तुमच्या पट्ट्यात, म्हणजे महापे-रबाळे-तुर्भे बाजूला, रसायनांचे कारखाने कमी नाहीत. पॅलेटवर तेलकट डाग, रंगीत डाग किंवा हिरवट झाक दिसली तर परत द्या, पैसे गेले तरी चालतील. हिरवट झाक बऱ्याचदा तांब्याच्या औषधी लेपाची असते.

फळांची खोकी चालतात, पण खिळे काढून. आणि राखेतले खिळे बागेत टाकू नका, अनवाणी पायाला सापडतात.

मीठबंदर
खाडीतून वाहून आलेलं लाकूड पण नका घेऊ. सुकलं तरी खारं असतं. आमच्याकडं एकाने ते जालून नळीला भोकं पडली. तिवर, म्हंजे खारफुटी, तिला तर हातच लावू नका, २००५ मधी हायकोर्टाने तोडायला बंदी आणली ती अजून हाय.

तिसरा_मजला
मी पलीकडच्या बाजूने बोलतो. कोपरखैरण्याला सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो, बेडरूमची खिडकी गावठाणाकडे. रोज सकाळी साडेसहाला धूर आत. मुलीला दमा आहे. आम्ही उन्हाळ्यातही खिडक्या बंद ठेवतो. तुम्ही लोक वासाच्या उपायावर चर्चा करता, शेजाऱ्याच्या फुप्फुसाचं काय? मध्ये कोर्टानेही लाकडाच्या भट्ट्यांवर बंदी आणली ना?

निम्मीताई
गावठाण आधी आलं की तुमची सोसायटी, हा वाद इथे सुरू करू नका हो. नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० ची, गावं त्याच्या आधीची, हे सगळ्यांना पाठ आहे. आणि त्याने दमा बरा होत नाही, हेही खरं.

डक्टवाला
तिसरा_मजला, कोर्टाचं तुम्ही म्हणता ते जानेवारी २०२५ चं. मुंबई उच्च न्यायालयाने मुंबईतल्या लाकूड-कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्या आणि तंदूर भट्ट्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळायला सांगितलं होतं. घरातल्या चुलीचा तो विषय नव्हता. पण तुमची तक्रार रास्त आहे, आणि गंमत म्हणजे तुमचं दुखणं नि खाडीपल्याड यांचं दुखणं एकाच ठिकाणी आहे: नळीचं तोंड कुठे संपतं.

मी आयुष्यभर कारखान्यांत हवा आणि धुराच्या डक्टचं काम केलं. खाडीपल्याड, मला हे सांगा. स्वयंपाकघरात विजेची चिमणी आहे का, कुठल्या मजल्यावर? खिडक्या कशा आहेत? आणि जिन्याचं गच्चीवरचं दार रात्री उघडं असतं का?

खाडीपल्याड
विजेची चिमणी तळमजल्यालाच, चुलीच्या खोलीला लागून. बाराशेच्या सक्शनची. खिडक्या सगळ्या सरकत्या, डास आणि पावसामुळे बंदच असतात. गच्चीचं दार उघडं ठेवतो, नाहीतर वरच्या मजल्यावर उकडतं.

डक्टवाला
मग चूल विझल्यावर उदबत्तीचा प्रयोग करा. चुलीचं दार थोडं उघडून फटीशी पेटलेली उदबत्ती धरा. आधी विजेची चिमणी बंद ठेवून, मग चालू करून. तिसऱ्यांदा चिमणी बंद ठेवून, रात्री गच्चीचं दार उघडं असताना. धूर चुलीत ओढला जातो की तुमच्याकडे येतो ते लिहा. अंदाज मी सांगू शकतो, पण तुम्ही डोळ्यांनी बघा. मग घरातल्यांना पटवावं लागत नाही.

गवती_चहा
पेशाने डॉक्टर आहे म्हणून एक गोष्ट मध्येच घुसवते. वासाची तक्रार आहे हे एका अर्थी बरं. कार्बन मोनॉक्साइड या जीवघेण्या वायूला वासच नसतो. विझलेल्या नळीतून हवा उलटी खोलीत येत असेल आणि चुलीत निखारे धुमसत असतील तर तोही वायू खोलीतच येतो. सकाळी डोकं जड, मळमळ, आणि बाहेर पडल्यावर बरं वाटणं, असं कुणाला होत असेल तर वाट बघू नका. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म ऑनलाइन मिळतो, चुलीच्या खोलीत आणि आई झोपतात तिथे लावा. आणि कृपा करून कुणीही थंडीत शेगडी घेऊन दार लावून झोपू नका. दरवर्षी बातम्या येतात.

खाडीपल्याड
डॉक्टर, आईचं डोकं दुपारी दुखतं. ती उन्हाला दोष देते. अलार्म मागवला.

उदबत्ती केली. विजेची चिमणी बंद: धूर सरळ वर, कुठेच नाही. चालू केली आणि धूर झटकन माझ्या तोंडावर, त्याबरोबर तो दर्प. इतका स्पष्ट की बायको म्हणाली, "हाच तो!" रात्री चिमणी बंद पण गच्चीचं दार उघडं: धूर हळूहळू पण खोलीकडेच. गच्चीचं दार लावलं, धूर पुन्हा सरळ वर.

डक्टवाला
उत्तम. आता हिशेब बघा. तुमची चिमणी तासाला १२०० घनमीटर हवा बाहेर फेकते असं कंपनी म्हणते. प्रत्यक्षात अर्धी धरा, ६००. दहा बाय दहाची, दहा फूट उंच खोली म्हणजे जेमतेम २८ घनमीटर. म्हणजे तासाला वीसहून जास्त खोल्या भरतील एवढी हवा ती काढून टाकते. ती हवा कुठून तरी यायला हवी. खिडक्या बंद, दाराला खालची पट्टी. घरात एकच मोकळं भोक उरतं, चुलीची पाच इंची नळी. बाहेरची हवा नळीतून उलटी खाली येते, येताना डांबराच्या थरावरून, मग ओल्या राखेवरून, आणि तुमच्या स्वयंपाकघरात पोचते.

रात्रीचा प्रकार वेगळा. दिवसभर तापलेलं सिमेंट काँक्रीट रात्री आतली हवा गरम ठेवतं, बाहेर थोडं गार. गरम हवा जिन्यातून चढून गच्चीच्या दारातून बाहेर पडते. चार मजल्यांचा जिना तुमच्या नळीपेक्षा उंच आणि रुंद. तुमच्या घरात दोन धुराडी आहेत आणि त्यातलं मोठं धुराडं जिना आहे. तो लहान धुराड्यातून हवा खाली ओढतो. म्हणून जिन्यात भपकारा.

कामाचा क्रम माझ्या मते असा. आज, फुकटात: विजेची चिमणी लावताना स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडा, जाळी लावून घ्या. रात्री गच्चीचं दार लावा, वरच्या मजल्याला खिडकी उघडा. चूल पूर्ण विझल्यावरच, म्हणजे राखेत हात घालता येईल तेव्हा, नळीची झडप घट्ट बंद करा. निखारे असताना झडप बंद करायची नाही, डॉक्टरांनी कारण सांगितलंच आहे.

पावसाळा सरला की नळीचं काम. ती गच्चीच्या कठड्याच्या वर न्या. नियम असा की छपरातून जिथे निघते तिथून तीन फूट वर, आणि दहा फुटांच्या आत जे काही असेल, टाकी, भिंत, जिन्याची खोली, त्याच्यापेक्षा दोन फूट वर. आता ती छज्जाखाली संपते, तिथे वारा भिंतीवर आपटून धूर खाली दाबतो आणि शेजाऱ्याच्या खिडकीत ढकलतो. बाहेरच्या भागाला सिरॅमिक वूल (उष्णता धरून ठेवणारी लोकर) गुंडाळून वर पत्रा मारा, नळी गरम राहिली की डांबर जमत नाही. काटकोनातली वळणं काढा, तिरकी द्या. वायरी नि केबल दीड फूट लांब. खाली सफाईचं झाकण हवंच.

आणि जोड तपासा. नळीचे तुकडे एकमेकांत बसवताना वरच्या तुकड्याचं टोक खालच्याच्या आत जायला हवं. बरेच कारागीर पावसाच्या पन्हाळीचा विचार करून उलटं बसवतात, पाणी आत जाऊ नये म्हणून. मग आतलं डांबर जोडातून बाहेर ओघळतं. तुमच्या भिंतीवरचे ओघळ त्यातलेच असणार.

खाडीपल्याड
जाऊन बघितलं. उलटेच जोड आहेत, दोन्ही.

तिसरा_मजला
डक्टवाला, मला एक सांगा. आमच्या समोरच्या घराची नळी गच्चीच्या वर नेली तर धूर आमच्या चौथ्या-पाचव्या मजल्याला जाणार नाही का? माझ्या मुलीची सुटका आणि वरच्यांच्या गळ्यात?

डक्टवाला
तुमच्या दोन इमारतींत अंतर किती त्यावर आहे. लांब असेल तर वर गेलेला धूर पांगतो. चिकटून असेल तर वरच्यांना जाईल, हे खोटं का बोलू. म्हणून नळीइतकंच जळण महत्त्वाचं. ओलं लाकूड आणि धुमसती चूल बंद झाली की धूर निम्म्याहून कमी दिसतो. खडखडीत पेटलेल्या चुलीच्या नळीतून पहिली दहा-पंधरा मिनिटं सोडली तर जवळजवळ काही दिसत नाही.

येऊरची_वाट
ओल्या लाकडाचं गणित सोपं आहे. दहा किलो लाकडात ३० टक्के ओल असेल तर तीन लिटर पाणी तुम्ही आधी उकळून नळीतून हाकलताय, मग कुठे भाकरी. २० टक्क्यांच्या खाली ओल हवी. दोन तुकडे एकमेकांवर आपटा, सुकं लाकूड टण्ण वाजतं, ओलं बद्द. मे महिन्यातच फोडून, जमिनीपासून वर, बाजूंनी मोकळं आणि डोक्यावर पत्रा अशा मांडणीत रचायचं. निळ्या ताडपत्रीत गुंडाळून ठेवलं की आतल्या आत कुजतं, बुरशीचा वास येतो तो वेगळाच.

तिसरा_मजला, समोरच्या घरी जाऊन एकदा बोला. चहा प्या. नळीचा खर्च कधी कधी दोघांत वाटूनही होतो, आमच्याकडे झालाय.

तिसरा_मजला
गेलो नाही कधी. महापालिकेत दोनदा अर्ज दिला. बघतो.

खाडीपल्याड
उशिरा लिहितोय. कारागिराकडून झाकण बसवून घेतलं, नळी तारेच्या ब्रशने साफ केली. काळ्या चकचकीत पापुद्र्यांनी अर्धी बादली भरली. जोड सुलटे केले. फर्निचरच्या फळ्या भंगारात दिल्या. पॅलेट घेताना आता आईच शिक्के बघते. तिला इंग्रजी अक्षरं वाचता येत नाहीत, पण "यम" दिसला की टेम्पोवाल्याला परत पाठवते.

दर्प गेला. म्हणजे चुलीचा गेला. दुपारचा ओंडका बंद केल्यावर आईची डोकेदुखीही थांबली, ती अजून उन्हालाच श्रेय देते आहे, ढग आलेत म्हणून. नळी उंच करण्याचं काम दिवाळीनंतर.

उरलाय तो भिंतीचा वास. ओघळांवर दोनदा रंग मारला, पुन्हा तपकिरी डाग उमटतात.

अणुरेणू
पाण्यात मिसळायच्या रंगातून डांबर वर येणारच. भिंत धुण्याच्या सोड्याच्या गरम पाण्याने घासा, हातमोजे घालून. पूर्ण वाळू द्या, पावसात वेळ लागेल, घाई नको. मग डाग अडवणारं तेलातलं प्रायमर किंवा शेलॅक, म्हणजे लाखेचा लेप, त्यावर रंग. नळीभोवतीचा गिलावा फार मुरला असेल तर तेवढा चौकोन खरवडून नवा करा, ते स्वस्त पडतं.

निम्मीताई
आणि कपड्यांचं काय ते विचारलंच नाहीत. कपाट रिकामं करा, आतून सोड्याच्या पाण्याने पुसा, उन्हं पडतील तेव्हा दारं उघडी टाका. कपडे धुताना शेवटच्या पाण्यात अर्धी वाटी पांढरं व्हिनेगर. जाड रजया, गाद्या मात्र ऑक्टोबरच्या उन्हाशिवाय सुटत नाहीत.

मीठबंदर
दिवाळीनंतर नळी वर नेताना वरती टोपी बसवा, नायतर पाऊस सरळ चुलीत. जाळी बारीक नको, काजळीने बुजते. बोटभर जाळीची चालेल, चिमण्या-कबूतरं घरटं करत नायत. आमच्या जांभळी नाक्याच्या बाजूला पत्र्याचं काम करणारे हायेत, माप घेऊन गेलात तर हातोहात करून देतात.

खाडीपल्याड
टोपी नळीपेक्षा किती वर ठेवायची?

डक्टवाला
पाच इंची नळीला टोपी आणि नळीचं तोंड यात निदान पाच इंच मोकळे सोडा. कमी ठेवलंत तर धूर कोंडतो.